दोनशे माणसं, चार पुतळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रादेशिक रुग्णवाहिका सेवेने वर्षभर शाळा, कार्यालयं आणि वसाहतींमध्ये प्रथमोपचाराचे कार्यक्रम घेतले. दरवेळी दीडशे-दोनशे लोक, स्लाइड्स, एक प्रात्यक्षिक, शेवटी प्रमाणपत्रं. तरीही गाडीवरची माणसं सांगतात की हृदय बंद पडलेल्या रुग्णापाशी पोहोचावं तर भोवती सहा जण उभे असतात आणि छाती कुणीच दाबत नसतं. चुकतंय कुठे आणि पुढच्या वर्षी काय बदलायचं?

आधी साधा हिशोब मांडू. २०० माणसं आणि छाती दाबण्याच्या सरावाचे ४ पुतळे, म्हणजे एका पुतळ्यामागे ५०. प्रत्येकाला फक्त २ मिनिटं दाबायला द्यायची म्हटली तरी १०० मिनिटं लागतात, अदलाबदलीचा वेळ वेगळाच. कार्यक्रम मात्र तासाभराचा. मग होतं असं की पुढच्या रांगेतले दहा-पंधरा जण चार-दोन वेळा दाबून बघतात आणि बाकीचे मोबाइलवर चित्रण करतात. काठावर बसून पोहायला जितपत येतं, तितपतच खुर्चीत बसून सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) येतं. हात बसायला हवा, आणि तो पुतळ्यावरच बसतो.

म्हणून नियोजन करताना एकच आकडा समोर ठेवा: दर माणशी पुतळ्यावरची मिनिटं. ती पाचाच्या खाली जात असतील, तर माणसं कमी करा किंवा पुतळे वाढवा. चालणारी एक मांडणी अशी: २४ माणसं, ८ पुतळे, ३ प्रशिक्षक. तिघांचा गट, एक पुतळा. एक जण दाबतो, दुसरा फोनवर बोलण्याचा सराव करतो, तिसरा मोठ्याने मोजतो आणि दाबणाऱ्याचे हात बघतो. दर २ मिनिटांनी बदल. तिघांची एक फेरी ६ मिनिटांची, अशा तीन फेऱ्या. दुरुस्त्या धरून अर्धा तास जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६ मिनिटं येतात. मिनिटाला ११० या गतीने ते साधारण ६६० दाब झाले. प्रास्ताविक ५ मिनिटांत संपवा. हृदयाची आकृती, रक्ताभिसरण, ईसीजीच्या पट्ट्या हे सगळं गाळा. दाबण्यासाठी त्यातलं काहीही लागत नाही.

दोनच मिनिटं का? कारण दमल्यावर दाबाची खोली कमी होते आणि ते दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही. तो म्हणतो 'मी ठीक आहे', पण पुरेसं खोल दाबल्यावर पुतळ्यातून येणारी 'खट्' केव्हाच बंद झालेली असते. तिसऱ्याला हात बघायला बसवायचं ते याचसाठी. प्रत्यक्ष प्रसंगी कुणाला 'आता मी घेतो' म्हणायचं धाडस या सरावातूनच येतं.

आता पुतळ्याजवळ बसून बघू. प्रौढ माणसासाठी खोली ५ ते ६ सेंटिमीटर, गती मिनिटाला १०० ते १२०, जागा छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. चुका होतात त्या शरीराच्या ठेवणीत. पहिली चूक गुडघ्यांची. माणूस पुतळ्यापासून वीतभर लांब बसतो, मग पुढे झुकून तिरका दाबतो आणि जोर छातीत उतरण्याऐवजी पलीकडे जातो. गुडघे पुतळ्याला टेकलेले आणि खांद्याइतके फाकलेले हवेत, खांदे थेट हातांच्या वर. दुसरी चूक कोपरांची. ती वाकली की दंड दुखू लागतात आणि मिनिटभरात माणूस संपतो. कोपरं ताठ, हालचाल कमरेतून, वजन आपोआप पडू द्यायचं.

तिसरी चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत कमी पकडली जाते. दाबल्यानंतर माणूस हात पूर्ण वर येऊ देत नाही, छातीवर रेलून राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर आतला दाब उतरत नाही, हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढचा दाब अर्धा रिकामाच जातो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं जोरात चाललेलं दिसतं. प्रशिक्षकाने दाबणाऱ्याच्या तळहाताखाली एक कागद सरकवून बघावा. हात वर आल्यावर कागद सहज निघाला तर ठीक, अडकला तर तो रेलतो आहे. (हात छातीवरून उचलायचा नाही, फक्त भार काढायचा. हे सांगितलं नाही तर लोक टाळ्या वाजवल्यासारखे हात आपटतात आणि जागा सोडतात.)

चौथी चूक घाईची. उत्साहाच्या भरात गती १४० वर जाते आणि खोली निम्मी होते. मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक गतीने टिकटिक करणारं साधन) ११० ला लावून ठेवला की दोन फेऱ्यांत लय अंगवळणी पडते. गाण्याच्या चालीवर शिकवण्याची पद्धत चांगली आहे, पण चाल आधी मोजून घ्या. अनेक लोकप्रिय चाली या पट्ट्यात बसत नाहीत.

पाचवी चूक थांबण्याची. 'आला का श्वास?' म्हणून दर वीस सेकंदांनी थांबून बघणं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त जायला लागणारा दाब दर दाबागणिक थोडा थोडा चढतो आणि थांबलं की क्षणात पडतो. पुन्हा सुरुवात केल्यावर पहिले काही दाब फक्त तो परत चढवण्यात जातात. नियम सोपा ठेवा: माणूस हलला, डोळे उघडले किंवा नीट श्वास घेऊ लागला तरच थांबायचं. कोणत्याही कारणाने थांबलात तरी १० सेकंदांच्या आत परत सुरू.

पुतळे टेबलावर ठेवून शिकवू नका. जमिनीवर गुडघे टेकणं हाच सरावाचा अर्धा भाग आहे. शिवाय बहुसंख्य लोकांचं हृदय घरात बंद पडतं: पलंगावर, खुर्चीत, न्हाणीघराच्या अरुंद दारात. गादीवर दाबलं की गादीच दबते, छाती नाही. म्हणून एका फेरीत पुतळा खुर्चीत किंवा जाड गादीवर ठेवा आणि 'आता काय कराल?' एवढंच विचारा. अंगाखालच्या चादरीसकट खाली ओढायचं, डोकं आपटणार नाही एवढं सांभाळायचं, आणि पाठ टेकली की लगेच सुरू. हे एकदा केलेला माणूस घरी गोठून उभा राहत नाही. धडाचाच पुतळा असेल तर वजनाचा अंदाज यावा म्हणून वाळूच्या पिशव्या बांधा. एरवी लोकांना वाटतं की ओढणं हा खेळ आहे.

पुतळ्यांच्या देखभालीकडे कुणी बघत नाही. स्प्रिंग वापरून सैल होते आणि पुतळा हलक्या दाबालाही 'खट्' म्हणू लागतो. अशा पुतळ्यावर शिकलेला माणूस खऱ्या छातीवर ३ सेंटिमीटर दाबून समाधान मानतो. दर काही महिन्यांनी जुना पुतळा नव्याशेजारी ठेवून एकाच माणसाने दोन्ही दाबून बघावेत. संचातला एक पुतळा मुद्दाम कडक स्प्रिंगचा ठेवा, कारण सगळ्या छात्या सारख्या नसतात. आणि आधीच सांगून ठेवा की खऱ्या छातीत पहिल्या काही दाबांत कटकन आवाज येऊ शकतो, कूर्चा किंवा फासळी मोडू शकते. हात जागेवर आहेत ना ते बघायचं आणि चालू ठेवायचं. हे न सांगितलेला माणूस त्या आवाजाला घाबरून थांबतो.

जाता जाता: छातीदाबाची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच सुमारास आलेला सरावाचा पहिला प्रसिद्ध पुतळा नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या आस्मुन्ड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने घडवला. पद्धत आणि पुतळा जोडीनेच जगभर पसरले.

तोंडाने श्वास देण्याचं काय? सर्वसाधारण प्रौढांच्या बैठकीत फक्त छातीदाब शिकवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी, प्रशिक्षण नसलेल्या माणसाने केवळ हातांनी दाबण्याची शिफारस केली. शिकायला सोपं, करायला संकोच कमी, आणि पुतळ्याच्या स्वच्छतेचा निम्मा व्याप वाचतो. पण लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांच्यात मूळ अडचण ऑक्सिजनची असते. त्यामुळे पालक, पाळणाघरातले कर्मचारी आणि जलतरण तलावावरचे जीवरक्षक यांची बैठक वेगळी घ्या आणि त्यांना ३० दाब, २ श्वास हे व्यवस्थित शिकवा. तिथे प्रत्येकाला स्वतःचं तोंडावरचं आवरण द्या, दोन माणसांमध्ये ७० टक्के अल्कोहोलच्या फडक्याने चेहरा पुसा आणि बैठकीनंतर पुतळ्यातल्या श्वासपिशव्या बदला.

दाबता येऊनही लोक दाबत नाहीत, याचं मोठं कारण ओळख पटत नाही हे आहे. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत बरेच रुग्ण आचके देतात: जबडा उघडतो, घोरल्यासारखा किंवा माशासारखा एखादा श्वास येतो, मग दहा सेकंद काही नाही, मग पुन्हा एक. बघणारा म्हणतो, 'श्वास चालू आहे'. कधी सुरुवातीला हातपाय झटकतात आणि लोक फिट समजून नाकाशी काहीतरी धरतात. स्लाइडवर 'अनियमित श्वास' लिहून हे कळत नाही. आवाज ऐकवा, चित्रफीत दाखवा, प्रशिक्षकाने स्वतः आडवं पडून आचके देऊन दाखवावेत. मग दोनच प्रश्न: हलवून हाक मारल्यावर प्रतिसाद आहे? श्वास नेहमीसारखा आहे? दोन्हींचं उत्तर नाही, तर दाबायला लागा. नाडी शोधायला शिकवू नका. सामान्य लोकांसाठीच्या सूचनांमधून नाडी तपासणं २००० सालीच काढून टाकलं गेलं, कारण त्यात वेळ जातो आणि उत्तरही भरवशाचं नसतं. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणं यातला फरकही एका वाक्यात सांगा: झटका आलेला माणूस छाती धरून तुमच्याशी बोलतो, हृदय बंद पडलेला बोलत नाही.

हेच दोन प्रश्न नियंत्रण कक्षात कॉल घेणाराही विचारतो, किंवा विचारायला हवेत. इथे बहुतेक सेवांमध्ये फट असते. प्रशिक्षण विभाग एका भाषेत शिकवतो आणि कक्ष दुसऱ्या भाषेत सूचना देतो. बैठकीत 'उरोस्थीचा खालचा भाग' म्हणायचं आणि फोनवर 'छातीच्या मधोमध' म्हणायचं, अशाने घाबरलेला माणूस गोंधळतो. कॉल घेणाऱ्याच्या पडद्यावरची वाक्यं जशीच्या तशी प्रशिक्षकाच्या तोंडी हवीत: 'फोन स्पीकरवर टाका. त्यांना जमिनीवर पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध हात ठेवा. जोरात आणि भरभर दाबा. माझ्याबरोबर मोजा, एक, दोन, तीन, चार.' महिन्यातून एकदा कॉल घेणाऱ्यांपैकी एकाला बैठकीला आणून बसवा. लोकांना त्या आवाजाची ओळख होते आणि त्यालाही समोरच्या माणसाचे हात बघायला मिळतात.

फोनचा सराव म्हणजे 'क्रमांक लावा' एवढंच सांगणं नव्हे. गटातल्या दुसऱ्याला हे करायला लावा: फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवणं, पत्ता आधी सांगणं आणि त्यात इमारत, जिना, मजला, ओळखीची खूण, गाडी आत येऊ शकेल असं फाटक हे सगळं घेणं, समोरून सांगितल्याशिवाय फोन न ठेवणं. तिसरा माणूस असेल तर त्याला खाली पाठवायचं: फाटक उघडायला, लिफ्ट अडवून ठेवायला, दिवे लावायला, कुत्रा दुसऱ्या खोलीत कोंडायला. गाडीचं चाक थांबल्यापासून रुग्णाच्या छातीवर हात पडेपर्यंतची मिनिटं या गोष्टींमुळे वाचतात. सराव बंद पडलेल्या हँडसेटवर किंवा अंतर्गत लाइनवर करा. खऱ्या आपत्कालीन क्रमांकावर सरावाचे कॉल गेले, तर त्या दिवशीचं काम तुमच्याच हाताने अडतं.

आता कुठे जायचं हा प्रश्न. सध्या सेवा बोलावतील तिथे जाते, आणि बोलावणारे बहुधा मोठी कार्यालयं आणि शाळा असतात. गेल्या दोन वर्षांतल्या हृदय बंद पडल्याच्या कॉलची यादी काढा आणि तीन गोष्टी नकाशावर टाका: जागा, कॉल आल्यापासून रुग्णापाशी पोहोचेपर्यंतचा वेळ, गाडी पोहोचली तेव्हा कुणी दाबत होतं का. वेळ चाक थांबल्याचा धरू नका. सहावा मजला असेल तर तिथून पुढे आणखी दोन-चार मिनिटं जातात. विजेच्या धक्क्याने सुधारू शकणाऱ्या ठोक्याच्या बिघाडात सीपीआर मिळालं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मिळालं तर ही घट ३-४ टक्क्यांवर येते. म्हणजे ज्या भागात गाडी २५ मिनिटांनी पोहोचते, तिथे तुमचा पुतळा तुमच्या गाडीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. नकाशावर जिथे वेळ जास्त आणि दाबणारे कमी, तिथे निम्म्या बैठका स्वतःहून नेऊन घ्या. उरलेल्या निम्म्या आमंत्रणांना द्या.

श्रोतेही तपासा. पन्नाशी-साठीच्या माणसासोबत घरात कोण असतं? बहुधा त्याच वयाची पत्नी किंवा पती. तुमच्या बैठकीत मात्र विशीतले विद्यार्थी आणि कार्यालयातली तरुण मंडळी. ज्येष्ठांच्या मंडळांत, हृदयरोग विभागातून घरी सोडल्या जाणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबांत, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांत, भाषा वेगळी असलेल्या कामगारांत जा. गुडघे टेकता येत नसतील तर उभ्याने, पुतळा बुटक्या भक्कम बाकावर ठेवून शिकवा आणि दुसऱ्याकडून कसं करून घ्यायचं हेही शिकवा. सूचना देणारा एक शांत माणूस घरात असणं ही छोटी गोष्ट नाही.

शाळा सोडू नका, पण त्यांच्याकडून अपेक्षा नीट ठेवा. 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' या उपक्रमाला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिला. त्याची मांडणी अशी: वयाच्या १२ वर्षांपासून, वर्षाला २ तास. या वयाच्या हलक्या मुलांना ५ सेंटिमीटर खोली दरवेळी जमत नाही. पद्धत, क्रम आणि फोन मात्र पक्का होतो आणि ते घरी जाऊन शिकवतात. डेन्मार्कचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे २००५ मध्ये शाळांत सीपीआर सक्तीचं झालं. आजूबाजूच्या लोकांनी सीपीआर सुरू केल्याचं प्रमाण २००१ मधल्या सुमारे २१ टक्क्यांवरून २०१० मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि ३० दिवस जगलेल्यांचं प्रमाणही साडेतीनवरून सुमारे अकरा टक्क्यांपर्यंत वाढलं. पण याचं श्रेय एकट्या शाळांना देऊ नका. त्याच काळात वाहन परवान्यासाठी प्रशिक्षण, एईडींची (हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या, कुणालाही वापरता येणाऱ्या यंत्रांची) नोंद आणि नियंत्रण कक्षातली सुधारणा हेही तिथे झालं.

एईडीबद्दल शिकवण्यासारखं कमी आणि सांभाळण्यासारखं जास्त आहे. यंत्र स्वतः बोलतं, ते उघडायचं आणि सांगेल तसं करायचं. सरावात तीनच चुका सापडतात: कपड्यांवरच पॅड चिकटवणं, पॅडमागचा कागद न काढणं, आणि यंत्र सुरू झालं की दाबणं सोडून त्याच्याकडे बघत बसणं. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांच्या बाजूला. छाती ओली असेल तर पुसायची. कापायला कात्री डब्यातच बांधून ठेवा. सरावासाठी नेहमी सरावाचंच यंत्र, वेगळ्या रंगाची पट्टी लावून. खरं यंत्र बैठकीला नेऊ नका, कारण परत येताना त्याचे पॅड उघडलेले असतात आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. सेवेने परिसरातल्या प्रत्येक यंत्राची यादी ठेवावी: नेमकी जागा, किती वाजेपर्यंत हाती लागतं, पॅड आणि बॅटरीची मुदत, जबाबदार कोण. रात्री कुलपात असणारं यंत्र यादीत 'दिवसा' म्हणून नोंदवा, म्हणजे कॉल घेणारा मध्यरात्री कुणाला बंद दारावर पाठवणार नाही.

रक्तस्राव आणि घशात घास अडकणं यांची दुसरी, स्वतंत्र बैठक ठेवा. पहिल्या तासात कोंबू नका. रक्तस्रावात मुख्य धडा एकच: थेट, सरळ, न उचलता दाब. लोक दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून बघतात आणि जमू लागलेली गुठळी सुटते. जाड फोमच्या ठोकळ्यात खोल भोक पाडून त्यात लवचिक नळी सोडा आणि रंगीत पाणी हळूहळू ढकला. मग पट्टीचं कापड बोटाने तळापर्यंत भरून वरून दाबायला लावा. कापड वरवर ठेवलं की पाणी बाजूने येतं, तळाशी भरलं की थांबतं. फरक डोळ्यांना दिसतो, सांगावं लागत नाही. हातापायातून उसळणारं रक्त दाबाने थांबत नसेल तर टूर्निकेट (दांडी फिरवून आवळायचा पट्टा): जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, वेळ लिहून. हमखास चूक अशी की पट्टा सैल असतानाच दांडी फिरवायला घेतात. आधी पट्टा हाताने शक्य तेवढा ओढून घट्ट करायचा, मग दांडी. सरावाचे टूर्निकेट वेगळे ठेवा आणि ते गाडीवर परत जाऊ देऊ नका, वारंवार पिळून ते कमकुवत होतात.

घास अडकलेला माणूस खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल तर खांद्याच्या पात्यांमध्ये ५ थापा, मग पोटावर ५ धक्के, आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर धक्के नाहीत, त्याऐवजी छातीवर तळहाताच्या टाचेने. गरोदर स्त्रीलाही छातीवरच. तोंडात दिसत नसताना बोट घालून चाचपडायचं नाही. एकमेकांच्या पोटावर जोर लावून सराव अजिबात नको, आतल्या अवयवांना इजा होते. त्यासाठी सरावाचं खास जाकीट मिळतं. ते नसेल तर फक्त हातांची जागा दाखवा. आणि ज्याला खरोखर पोटावर धक्के द्यावे लागले, त्याला नंतर डॉक्टरने तपासणं गरजेचं आहे.

पक्षाघाताला दहा मिनिटं पुरतात: चेहरा एका बाजूला ओघळलाय का, दोन्ही हात वर धरता येतात का, बोलणं अडखळतंय का. यातलं एकही दिसलं तर लगेच फोन. सोबत एक गोष्ट नक्की सांगायची, रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची खिडकी साधारण साडेचार तासांची आहे आणि ती याच वेळेपासून मोजतात.

लोक बोलून न दाखवणाऱ्या शंका तुम्हीच काढा. 'त्याचं हृदय चालू असलं आणि मी दाबलं तर?' तो हलेल, कण्हेल, हात झटकेल, तुम्ही थांबाल. गंभीर इजा क्वचितच होते, न दाबल्याचं नुकसान मात्र भरून निघत नाही. 'कायद्यात अडकलो तर?' तुमच्या भागातला कायदा वकिलाकडून दोन वाक्यांत लिहून घ्या आणि तेच वाचा, अंदाजाने आश्वासनं देऊ नका. तिसरी शंका स्त्रीच्या छातीवर हात ठेवण्याची. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना अनोळखी लोकांकडून सीपीआर कमी मिळतं, हे अभ्यासांमध्ये दिसलं आहे. पुतळे सगळे सपाट छातीचे, त्यामुळे हात पहिल्यांदा अडखळतो तो प्रत्यक्ष प्रसंगी. दोन पुतळ्यांवर स्तनांचं जाकीट चढवा आणि कपडे बाजूला करून पॅड लावण्याचा सराव सगळ्यांकडून करून घ्या. हशा होतो, दोन मिनिटांत ओसरतो.

प्रशिक्षकांबद्दल थोडं रोखठोक. गाडीवरचा उत्तम माणूस उत्तम प्रशिक्षक असतोच असं नाही. त्याला माहीत असलेलं सगळं सांगायचा मोह होतो: औषधं, नळ्या, थरारक किस्से. त्याची तालीम घेताना एकच परीक्षा ठेवा: दहा मिनिटं न बोलता फक्त दाखवून आणि हात सुधारून शिकवता येतं का. प्रशिक्षणाचे तास ड्युटीत धरा. सुट्टीच्या दिवशी बोलावलेला प्रशिक्षक तिसऱ्या महिन्यात गळतो. आणि ड्युटीवरची गाडी कार्यक्रमाला शोभेसाठी उभी करू नका. कॉल आला की ती जाणारच, आणि प्रशिक्षकही तिच्यावरच असेल तर चोवीस माणसं पुतळ्यांकडे बघत बसतात. मुलांना गाडी दाखवायची असेल तर राखीव गाडी आणा, औषधांचा कप्पा कुलूपबंद, सुया काढलेल्या, सायरन एकदाच.

उजळणीशिवाय हे सगळं ३ ते ६ महिन्यांत ढिलं पडतं. दोन वर्षांनी पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा घेण्यापेक्षा सहा महिन्यांनी वीस मिनिटं बरी: ये, गुडघे टेक, दोन मिनिटं दाब, जा. त्यासाठी प्रशिक्षकही लागत नाही. वसाहतीत किंवा कार्यालयात दोन पुतळे महिनाभर ठेवून द्या आणि तिथल्याच दोघांना ते लावायला-पुसायला शिकवा.

मोजमाप बदला. प्रमाणपत्रांची संख्या अहवालातून काढून टाका. गाडीच्या नोंदपत्रात तीन रकाने घाला: पोहोचण्याआधी कुणी दाबत होतं का, एईडी लावलं होतं का, फोनवरून सूचना दिल्या होत्या का. कॉलच्या ध्वनिमुद्रणातून चौथा आकडा काढा, फोन उचलल्यापासून पहिल्या दाबापर्यंतचे सेकंद. व्याख्या स्वतः बनवू नका. १९९० मध्ये स्टाव्हांगरजवळच्याच उटस्टाइन मठात झालेल्या बैठकीतून आलेला, हृदय बंद पडल्याच्या नोंदी ठेवण्याचा नमुना आहे, तो वापरला तर दुसऱ्या सेवेशी तुलना करता येते. आकडे लहान असतात हेही ध्यानात ठेवा. वर्षाला ८० प्रसंग असतील तर २० वरून २४ होणं हा योगायोगही असू शकतो, म्हणून दोन-दोन वर्षांचे गठ्ठे बघा.

राहिला एक भाग, जो कुठल्याच आराखड्यात नसतो. ज्याने दाबलं त्याचं नंतर काय? बहुतेक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण उत्तम सीपीआर मिळूनही वाचत नाहीत, हे बैठकीतच सांगून ठेवा. नाहीतर तो माणूस आयुष्यभर आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतो. गाडी रुग्णाला घेऊन निघून जाते आणि तो विस्कटलेल्या खोलीत एकटा उरतो. गाडीत छोट्या कार्डांचा गठ्ठा ठेवा. त्यावर सेवेतल्या एका नेमून दिलेल्या माणसाचा क्रमांक आणि एक ओळ: 'तुम्ही दाबलंत त्याबद्दल बोलायचं असेल तर फोन करा.' निघताना चालकाने ते त्याच्या हातात द्यायचं, त्याचा क्रमांक घ्यायचा आणि दोन-तीन दिवसांत सेवेकडून फोन जायलाच हवा. रुग्णाची खासगी माहिती सांगायची नाही. त्याने काय केलं, ते बरोबर होतं का, हात दुखतायत का, झोप लागते का, एवढंच विचारायचं. पुढे त्याला बैठकीत मदतीला बोलवायचं असेल तर महिनाभर थांबा, आणि भाषणासाठी व्यासपीठावर नको, पुतळ्याशेजारी गुडघे टेकून बसायला बोलवा.